आबाजींची ठासणी : जुनी लष्करी बंदूक वाचायची कशी?

मंडळाच्या बैठकीत या वेळच्या अभ्यासलेखासाठी विषय विचारले, तेव्हा कुणी जुनी नाणी म्हणालं, कुणी पोस्टाची तिकिटं. मी म्हणालो, जुन्या लष्करी बंदुका. सगळे हसले. मागच्या बाकावरून एक जण बोललाच, "काहून बे, कोणाले मारतं का?"

मारायचं कुणालाच नाही. आमच्या सौंसरच्या घरी एक ठासणीची बंदूक होती. 'होती' लिहितोय, कारण सध्या ती घरात नाही. आबाजी गेले, परवाना त्यांच्या नावावर होता, म्हणून मोठ्या बाबांनी ती ठाण्यात जमा केली. पावती कपाटात आहे. सोडवून आणायची की सोडून द्यायची, यावर घरात अजून एकमत नाही. मोठे बाबा म्हणतात, "डोक्याले ताप नको." मला वाटतं, सोडून देण्याआधी निदान ती काय होती हे तरी आपल्याला कळलेलं असावं. या लेखाचं कारण एवढंच.

जगात हा छंद मोठा आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या सैनिकी बंदुका गोळा करायच्या, त्यांच्यावरचे शिक्के वाचायचे, आणि जिथे कायदा परवानगी देतो तिथे रेंजवर नेऊन चालवायच्याही. इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या बिस्लीला १८९० पासून नेमबाजीचं मोठं मैदान आहे, तिथे आजही जुन्या लष्करी रायफलींच्या स्पर्धा होतात. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक 'प्राचीन' धरली जाते, तिला साध्या बंदुकीचे नियम लागत नाहीत. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यात वर्षानुवर्षं पडून असलेला नेपाळी सैन्याचा हजारो बंदुकांचा साठा परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतला. त्यात मार्टिनी-हेन्री होत्या, नेपाळातच घडवलेल्या गहेंद्र रायफली होत्या, त्याहूनही जुन्या ठासणीच्या होत्या. आज त्या अमेरिकेतल्या लोकांच्या दिवाणखान्यात टांगलेल्या आहेत. आपल्या शेजारचा इतिहास तिकडे किलोवर गेला असं मला कधी कधी वाटतं. पण निदान तिकडे त्या बंदुकांवर पुस्तकं लिहिली गेली. आपल्याकडे त्या भंगारात गेल्या असत्या.

आपल्याकडे हा छंद असा करता येत नाही, त्याच्या कारणाकडे पुढे येतो. आधी बंदूक.

घरची बंदूक

ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून भरायची बंदूक. दारू ओतायची, बोळा घालायचा, छर्रे किंवा गोळी टाकायची आणि गजानं ठासायचं. मागे घोड्याखाली एक बारीक पोकळ खुंटी असते, तिच्यावर तांब्याची टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार निघतो. आमच्याकडे कुणी हिला भरमार म्हणतात, कुणी टोपीदार. आबाजींकडे तिचा परवाना पीक-रक्षणासाठीचा होता. शस्त्र कायद्यात अशी तरतूदच आहे, की खरोखर पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. संत्र्याच्या बगिच्यात रानडुक्कर आणि रोही यायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर त्यांना परवानगीशिवाय मारता येत नाही, म्हणून आबाजी नुसती दारू आणि कागदाचा बोळा घालून रात्री एक बार काढायचे. पूर्ण रान जागं व्हायचं. डुकरं पळायची आणि शेजारच्या शेतात जायची, हा भाग वेगळा.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी आबाजींना म्हटलं, हिचं माप घेऊ द्या. त्यांनी आधी काय केलं ते सांगतो, कारण जुन्या बंदुकीचा पहिला धडा तोच आहे. त्यांनी गज नळीत सोडला, तोंडाशी बोट धरून खूण केली, मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहिला. खुणेपासून गजाचं टोक थेट खुंटीपर्यंत पोचलं, म्हणजे नळी रिकामी. टोक चार बोटं अलीकडे थांबलं असतं, तर आत भरलेला बार असण्याची शक्यता. ठासणीच्या बंदुका पन्नास-पन्नास वर्षं भरलेल्याच भिंतीवर लटकतात आणि बाहेरून कळत नाही. तोंडात डोळा घालून बघायचं नाही, काडी पेटवून तर नाहीच. आबाजी शाळेत चौथीपर्यंत गेलेले, पण हे त्यांनी मला भौतिकशास्त्राच्या मास्तरासारखं समजावलं.

मग मी प्रयोगशाळेतून मागून आणलेलं व्हर्निअर लावलं. नळीची लांबी ३९ इंच. तोंडाचा आतला व्यास १६.८ मिलिमीटर. आतून गुळगुळीत, एकही खाच नाही. नळी लाकडाला तीन कड्यांनी धरलेली. दस्त्याची मागची पट्टी, चापाभोवतीची कडी आणि पुढचं टोक पितळेचं. घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर मुकुटाचा वरचा भाग, पुढे इंग्रजीत फक्त शेवटची तीन अक्षरं आणि खाली सालाचे पहिले दोन आकडे, १८. बाकी सगळं घासलं गेलेलं.

ते कुणी घासलं? मीच. दसऱ्याला आमच्याकडे बंदुकीची पूजा व्हायची, हळदकुंकू, आपट्याची पानं. सातवीत असताना मोठ्या आईनं पितळ चिंचेनं चकाचक करायला सांगितलं, आणि मी उत्साहानं लोखंडालाही पॉलिश पेपर मारला. गंज गेला आणि त्याच्यासोबत अर्धं नाव गेलं. जुन्या वस्तू गोळा करणारे लोक काळपट झालेल्या धातूला हात लावत नाहीत, याचं कारण मला फार उशिरा कळलं. लाकडाला मात्र जवसाचं तेल चालतं. एनफिल्डच्या अक्रोडी दस्त्यांना इंग्रज कारखान्यांतही जवसाचंच तेल लावत. आपल्या भागात जवस पिकतं आणि आबाजी त्याच तेलाचा हात दरवर्षी फिरवायचे, कुणी न शिकवता.

मापांनी काय सांगितलं

घरची आख्यायिका अशी, की ही बंदूक 'भोसल्याच्या फौजेतली'. सौंसर-पांढुर्णा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होतं हे खरं. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीला लढाई झाली, तेव्हा अप्पासाहेबांच्या बाजूनं अरब शिपाई लढले, हेही खरं. पण त्या काळच्या बंदुका तोड्याच्या नाहीतर चकमकीच्या. टोपीची बंदूक इंग्रज फौजेतही सर्रास आली ती १८४० च्या पुढे. आणि डलहौसीनं भोसल्यांचं राज्य खालसा केलं १८५४ मध्ये.

आमची बंदूक दिसते १८५३ सालच्या एनफिल्डसारखी. तीन कड्या, ३९ इंच नळी, पितळी साज, सगळं जुळतं. १८५७ मध्ये ज्या काडतुसांच्या चरबीवरून आग पेटली, ती याच एनफिल्डची. फक्त एनफिल्डची नळी ०.५७७ इंचाची, म्हणजे १४.७ मिलिमीटर, आणि आतून तीन पिळदार खाचांची. 'रायफल' हा शब्द मुळात त्या खाचांवरूनच आला. खाचांमुळे गोळी फिरत जाते आणि लांबवर सरळ लागते. आमची मात्र गुळगुळीत आणि दोन मिलिमीटर मोठी.

इथे मी आठवडाभर अडकलो होतो. मग एक गोष्ट सापडली. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी याच घडणीची, पण खाचा नसलेली, ०.६५६ इंच तोंडाची आणि साध्या स्थिर दृष्टीपट्टीची बंदूक काढली. बाहेरून गोऱ्या सोल्जरसारखीच, पण नेम लांब जाणार नाही अशी. ०.६५६ इंच म्हणजे १६.७ मिलिमीटर. दीडशे वर्षांची झीज धरली, तर माझं १६.८ त्याच्या अगदी शेजारी बसतं.

म्हणजे सिद्ध झालं का? नाही. एखाद्या गावच्या कारागिरानं छऱ्यांसाठी साधी नळी मोठी करून घेतली असेल. मुकुट आणि 'टॉवर' हे लंडनच्या शस्त्रागाराचं नाव तर वायव्य सरहद्दीवरच्या कारागिरांनी स्वतःच्या बनावट बंदुकांवरही ठोकलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून कधी 'एन' अक्षर उलटं पडतं, कधी स्पेलिंग चुकतं, आणि संग्राहक त्यावरूनच नक्कल ओळखतात. आमच्या पट्टीवर उरलेली तीन अक्षरं 'टॉवर'ची असू शकतात आणि सरळ आहेत, एवढंच म्हणता येतं. बाकीचा पुरावा माझ्या पॉलिश पेपरनं खाल्ला.

हे सगळं मी आबाजींना सांगितलं. भोसल्यांची नाही, इंग्रजांची असेल, आपल्या माणसावर भरवसा नव्हता म्हणून मुद्दाम कमी ताकदीची केलेली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कागदावरचं तुले माहीत असंन. मले बंदूक माहीत हाये."

बंदुकीनं भाषेत काय ठेवलं

आपण वाङ्मय मंडळवाले, म्हणून हा एक फाटा. आपण रोज 'ठासून सांगतो', ते गजानं ठासल्यासारखंच. लग्नाचा 'बार उडतो', आणि भाषण पडलं की तो 'फुसका बार' ठरतो. कोणी 'टप्प्यात' येतो, योजना 'लांब पल्ल्याची' असते, आणि काही हुशार लोक दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी मारतात. नळीच्या टोकावरच्या नेमाच्या टोचाला जुनी मराठी 'माशी' म्हणते, काय नेमका शब्द आहे! कानात टाकायच्या बारीक दारूला 'रंजक' हे नाव होतं. आज तो शब्द फक्त कथेला लागतो.

शब्दांचा प्रवासही बंदुकीसारखाच. 'बंदूक' अरबीतून आली, 'तोफ' तुर्कीतून, 'काडतूस' आणि 'पिस्तूल' पोर्तुगिजांकडून, 'फैर' इंग्रजी फायरवरून. पानिपतावर १७६१ मध्ये इब्राहिमखानाची जी कवायती पलटण होती तिचे 'गारदी' युरोपी गार्डवरून. एवढ्या परक्या वस्तूचा एकेक भाग मात्र मराठीनं घरचा करून घेतला. घोडा, चाप, कान, माशी, दस्ता.

थ्री नॉट थ्री

आता ज्या बंदुकीसाठी जगभरचे छंदी लोक वेडे आहेत, ती ली-एनफिल्ड, आपली थ्री नॉट थ्री. एनसीसी केलेल्यांनी तिला खांद्यावर घेतलेलं असेल. कवायतीसाठी नळीला भोक पाडून निकामी केलेल्या, 'डीपी' असा शिक्का मारलेल्या जुन्या रायफली असतात. साधारण चार किलो वजन, दहा गोळ्यांचं खोकं, पाच-पाचच्या पट्टीनं भरायचं. १९०७ साली तिचं तिसरं मॉडेल आलं आणि बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ते इंग्रज गेल्यावरही बनत राहिलं. इंग्रजी काळातल्या नगावर मुकुट आणि राजाची अक्षरं असतात, स्वातंत्र्यानंतरच्या नगावर अशोकस्तंभ. बंदूक तीच, शिक्का बदलला. परदेशी संग्राहक ईशापूरची रायफल ओळखतात ती शिक्क्यावरून आणि पुढच्या लाकडातून आरपार घातलेल्या जादा स्क्रूवरून. तिची काडतुसं खडकीलाही बनत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, आणि बुडावरचा 'केएफ' शिक्का आजही जगातल्या संग्राहकांना माहीत आहे.

ही रायफल आपल्याकडे इतकी वर्षं कामावर राहिली की तिला 'जुनी' म्हणायलाच उशीर झाला. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सीएसएमटी स्थानकावर एके-४७ समोर काही पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्री होत्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला समारंभानं निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० ला. बिस्लीच्या गवतावर पडून तिच्यानं निशाण साधणाऱ्या माणसाला तिचं जे प्रेम वाटतं, ते त्या स्थानकावरच्या शिपायाला वाटलं नसेल.

आणि नळीचं दुसरं टोकही आहे. १९३० मध्ये शेजारच्या सिवनी जिल्ह्यात तुरियाला जंगल सत्याग्रहींवर पोलिसांनी गोळीबार केला, चार आदिवासी गेले, त्यात तीन बायका होत्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला ठाण्यासमोर गोळ्या चालल्या. पांढुर्ण्याहून ते गाव काही फार दूर नाही, आणि आजही लोक त्याला 'आष्टी शहीद' म्हणतात. जुनी लष्करी बंदूक गोळा करणाऱ्यानं शिक्के वाचताना हेही वाचावं असं मला वाटतं. परदेशी कॅटलॉगांत किंमत असते, स्थिती असते, हे रकाने नसतात.

मग आपल्याकडे छंद का नाही?

उठावानंतर इंग्रजांनी देश निःशस्त्र करायला घेतला आणि १८७८ मध्ये लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना हवा, युरोपियनाला सूट. पुढे लष्करी काडतूस सामान्य माणसाच्या हाती पडू नये म्हणून .३०३ ची रायफल नागरिकांना बंद केली. शिकारीसाठी वेगळ्याच मापाची .३१५ ची रायफल आली, जिच्यात लष्करी गोळी बसत नाही. गंमत अशी की राज्य गेलं, माप राहिलं. १९५९ च्या आपल्या कायद्यातही .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरच्या रायफली प्रतिबंधित वर्गात आहेत, त्या साध्या परवान्यावर मिळत नाहीत. ईशापूर नागरिकांसाठी .३१५ च बनवत राहिलं. म्हणजे ज्या देशानं ली-एनफिल्ड सर्वांत जास्त काळ वापरली, तिथल्या छंदी माणसाला ती रेंजवर चालवता येत नाही.

हे चूक आहे का? मला तसं ठामपणे म्हणवत नाही. आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते, पांढुर्णा एका काठावर, सावरगाव दुसऱ्या. नुसत्या दगडांनी दरवर्षी किती डोकी फुटतात ते आपण पाहतो. तिथे घरोघरी जुन्या रायफली असत्या तर, असा विचार आला की मी मोठ्या बाबांच्या बाजूला झुकतो.

नेमबाजी शिकायची असेल तर रस्ता बंद नाही, तो क्लबमधून जातो. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ ची, आणि तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर, मूळचे कोकणातले, अहमदाबादेत वाढलेलं मराठी घर. त्यांच्या नावाची स्पर्धा अजून होते. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं. ते .२२ चं शास्त्र वेगळं आहे, त्यात जुन्या लाकडाचा वास नाही, पण नेम तोच.

बंदूक ठेवायची असेल तर कायदा असा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका, वारसाहक्कानं आलेल्याही त्यातच धरून. जी पुरातन किंवा मोडकी बंदूक दुरुस्त करूनही चालणार नाही, तिला १९५९ च्या कायद्याचं ४५ वं कलम सूट देतं. पण चालणार नाही हे ठरवणारे आपण नाही, म्हणून आजोबांची बंदूक माळ्यावर 'शोभेची' म्हणून पडली असेल तर गप्प बसू नका. परवानाधारक गेला की वारसानं ती लगेच ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि मग वारस म्हणून अर्ज करायचा. ठरलेल्या मुदतीत कुणी मागणी केली नाही तर ती सरकारजमा होते.

आमची ती मुदत चालू आहे. मोठ्या बाबांनी एकदा अर्जाचा नमुना आणला, मग म्हणाले, बगिच्याला आता सौर कुंपण आहे, बार कोणासाठी काढायचा? मी म्हटलं, नागपूरच्या अजब बंगल्यात शस्त्रांचं दालन आहे, तिथे विचारून पाहू, संग्रहालयाला देता येते का. ते "पाहू" म्हणाले. आमच्या घरात 'पाहू'चा अर्थ दोन्ही होतो.

दरम्यान मी वहीचं एक पान तयार केलं आहे. नळी ३९ इंच, तोंड १६.८ मिलिमीटर, खाचा नाहीत, तीन कड्या, साज पितळी, शिक्का अर्धा, उरलेला घासला, घासणारा मी. खाली आबाजींचं म्हणणंही लिहिलं आहे, भोसल्याच्या फौजेतली. ते खोडलं नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी, पांढुर्ण्याकडे, काटोल-नरखेडकडे, अशी परवान्याची ठासणी असेल, तर धारक हयात असताना त्यांच्यासमोर बसून असं पान करून मंडळाकडे द्या. आणि लोखंडाला पॉलिश पेपर लावू नका.